सहाव्या गाण्यातलं नाव

अल्बम निघाला की लोक सम्राटला गायक म्हणणार होते. बावीस वर्षं दौंडात त्याची ओळख 'जयंतीला ट्रकवर चढून बडबडतो तो' एवढीच होती. वय त्रेचाळीस, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि त्याचं बघून रॅप शिकलेली पोरं पुण्यात जाऊन मोठी झालेली. आता नऊ गाणी, खरा स्टुडिओ आणि पोस्टरवर त्याचा एकट्याचा फोटो. अगदी एकट्याचा नव्हे. खालच्या कोपऱ्यात हात जोडून पृथ्वीराज उभा होता. स्टुडिओचं बिल त्यानं भरलं होतं. त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं, त्यासाठी बौद्धवस्त्यांची मतं हवी होती. अट एकच: सहाव्या गाण्यातून त्याच्या वडलांचं, सर्जेरावांचं नाव काढायचं.

ते गाणं सोजरआत्याचं होतं. सम्राटची ही चुलतआत्या निमोण्याकडं राहायची, सर्जेरावांच्याच शेतात रोजानं जायची. तिचा नवरा हरिबा भर पावसाळ्यात वारला, तेव्हा सर्जेरावांनी मसणवाटेवर तारेचं कुंपण घातलेलं. तिरडी छातीएवढ्या ओढ्यातून न्यावी लागली. आत्यानं हे सम्राटच्या मोबाइलमध्ये सांगितलं, सम्राटनं ते तालावर चढवलं. स्टुडिओतला आयुष म्हणाला, "दादा, 'सर्जेराव'च्या जागी 'कुणीतरी' घाला. बसतंय बघा, तालाला धक्का न्हाई." बसलंच. इतकं सहज बसलं, याचाच सम्राटला राग आला. पण राग आला म्हणून त्यानं रेकॉर्डिंग काही थांबवलं नाही.

शिरूरच्या मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. पृथ्वीराज पहिल्या रांगेत, सोफ्यावर. सम्राटनं सहावं गाणं घेतलं. कुणीतरी कुंपण घातलं, कुणीतरी वाट अडवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पृथ्वीराजनंही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून सोजरआत्या उठली आणि दहाची नोट वर धरून स्टेजच्या पायऱ्या चढू लागली.

भीमगीतांच्या कार्यक्रमातली रीत आहे. बक्षीस आलं की गाणं थांबवायचं. कुणी दिलं, कशासाठी दिलं, ते माइकवर पुकारायचं. नोट दहाची असो की पाचशेची, न पुकारता खिशात घालणाऱ्याला वस्तीत कुणी पुन्हा बोलवत नाही. रॅपकडं वळल्यावर सम्राटनं बाकी सगळं बदललं, ही रीत तेवढी ठेवली होती.

"पुकार," आत्या म्हणाली.

सम्राटनं माइक छातीशी दाबला. "काय पुकारू?"

"हरिबाची तिरडी सर्जेरावानं अडवली, त्या गाण्याला सोजरबाईचं बक्षीस."

"आत्या, खाली बस. मागनं सांगतो तुला."

"मागनं का? दहा रुपये कमी पडत्यात व्हय? मगापासनं कुणीतरी, कुणीतरी लावलंय. तुझ्या मोबाइलात मी 'कुणीतरी' म्हनले व्हते का रं?"

खाली काही ऐकू जात नव्हतं. पृथ्वीराज सोफ्यावरून हसत ओरडला, "अहो सम्राटराव, पुकारा की आजीचं बक्षीस! रीत हाय ती. का आता आम्ही वर येऊन शिकवायची?"

हॉल हसला. सम्राटनं माइक तोंडाशी नेला. "निमोण्याच्या सोजरबाई हरिबा ओव्हाळ यांच्याकडून दहा रुपये बक्षीस. हरिबाची तिरडी..."

पुढं जीभ उचलेना. बावीस वर्षं एका श्वासात चाळीस शब्द म्हणणारा माणूस एका नावापाशी अडला. आत्यानं त्याच्या हातातून माइक हिसकला. तिनं जन्मात माइक धरला नव्हता. ओठांना चिकटवून ती किंचाळली, "सर्जेरावानं! सर्जेरावानं अडवली! पिरतीराज, तुझ्या बापानं!"

पृथ्वीराज उठला, सावकाश स्टेजवर आला आणि सगळ्या मोबाइलांना नीट दिसेल असा वाकून आत्याच्या पाया पडला. "चुकलं असंल आजी, आप्पांचं. मोठ्या मनानं घ्या." पहिली टाळी कुणाची पडली ते कळलं नाही, नंतर सगळ्यांचीच पडली.

सम्राट त्या रात्री आत्याकडंच राहिला. सकाळपर्यंत क्लिप तालुकाभर फिरली होती. तिच्यात तो मान खाली घालून शेजारी उभा दिसत होता. आत्याला त्यानंच वर बोलावलं, असं लोक धरून चालले. "काय डेअरिंग, दादा!" असे मेसेजवर मेसेज. त्यानं सगळ्यांना हात जोडलेली चित्रं पाठवली, खरं कुणालाच सांगितलं नाही. फाट्यावर दौंडच्या एसटीची वाट बघताना आयुषचा फोन आला, "दादा, गाण्यात नाव परत टाकू का? अजून बदलता येतंय."

"ऱ्हाऊ दे," सम्राट म्हणाला. "आता सगळ्यांना म्हाईतच हाय की."

आत्या डबा घेऊन शेजारीच उभी होती. सर्जेरावांच्या कांद्याला बायका नेणारी पिकअप आली, जरा हळू झाली. ड्रायव्हरनं आत्याकडं बघितलं आणि गिअर टाकला. मागं बसलेल्या बायका आपापल्या पायांच्या बोटांकडं बघत होत्या.

"मी बोलतो पृथ्वीराजशी," सम्राट म्हणाला.

"काय बोलशील? कुणीतरी गाडी थांबवली न्हाई म्हून?" आत्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "तुझी यष्टी आली बघ. पळ."

तो पळाला, जागाही मिळाली, खिडकीची.

अल्बम चालला. पृथ्वीराज निवडून आला. कांदा उरकेपर्यंत सोजरबाईचे एकतीस खाडे पडले.