चाचणीपुरती केतकी

कंपनी मोठी, म्हणून रीतही मोठी. होकार देण्याआधी उमेदवाराने स्वतःलाच विचारून घ्यायचं. मुलाखतीच्या दिवशी केतकीच्या मेंदूची प्रत काढून संगणकात घातली होती. तिथल्या वेगाने एका आठवड्यात त्या प्रतीने कंपनीतली दहा वर्षं राबून काढली, आणि आता ती पडद्यावर समोर बसली होती.

"कशी आहे गं नोकरी?" केतकीने विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच शेजारून आई पुढे सरकली. "जेवलीस का गं, बाळा?"

पडद्यावरच्या केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं, आई. इथे दिवाळीलासुद्धा घरी सोडत नाहीत." मग ती केतकीकडे वळली. "तू येऊ नकोस."

केतकीने तिथल्या तिथे नकार कळवला. पडद्यावर आता कंपनीचा अधिकारी आला. तो मनापासून हसला.

"काही हरकत नाही, मॅडम. बहुतेक जण नाहीच म्हणतात. प्रत आमच्याकडे असतेच की. काम अडत नाही."

"अहो, मग तिला घरी कधी सोडणार?" आईने विचारलं.

अधिकारी खरंच गोंधळला.

"कुणाला, काकू? केतकी तर तुमच्या शेजारी बसलीय."