पंचगव्याची वाटी

अच्युत नौदलाच्या शिक्षणासाठी विलायतेस निघाला, तेव्हा इंदूरच्या श्रीपादशास्त्र्यांनी निर्णय दिला होता : समुद्र ओलांडणारा भ्रष्ट होतो; परतल्यावर त्याने पंचगव्य प्राशन करावे, अन्यथा त्याच्या घरचे पाणीही वर्ज्य. अच्युतने महायुद्ध पाहिले, युद्धनौकांचे नेतृत्व केले, पंचगव्य मात्र घेतले नाही. बड्या गणपतीजवळच्या त्या घराची पायरी शास्त्रीबुवा तीस वर्षे चढले नाहीत.

आज ते आपण होऊन आले. नातवाला नौदलात जायचे होते आणि अच्युत आता ॲडमिरल होता.

"ॲडमिरलसाहेब, आपण तर साक्षात वरुणदेव! नातवासाठी दोन ओळी लिहून द्याव्यात."

अच्युतने शिफारसपत्र लिहिले. त्याच्या आई द्वारकाबाईंनी ते तबकात ठेवून आणले. शेजारी एक वाटी होती.

"शास्त्रीजी, नातू समुद्र ओलांडणार. त्याचं प्रायश्चित्त आपणच आधी उरकून घ्या. बिलकुल ताजं आहे."

गोमूत्राचा दर्प बैठकभर पसरला. शास्त्रीबुवांनी वाटीकडे पाहिले, पत्राकडे पाहिले, आणि डोळे मिटून वाटी रिकामी केली.

मग उपरण्याने ओठ टिपत, पत्र कनवटीला लावत ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तुपाचं प्रमाण चुकलं हो."