खरं हत्यार आत आहे

ग्राफिक्स कार्डावर पाच अक्षता, झेंडूच्या तीन पाकळ्या आणि हळदकुंकवाची दोन बोटं होती. त्याच्या दोन पंख्यांपैकी एकच फिरत होता.

केतकीने टॉर्च जवळ नेला. दसऱ्यापासून धाकट्या शार्दूलचा गेम रंगात आला की कॉम्प्युटर बंद पडत होता, आणि कार्डच जळलं म्हणून तो हवालदिल झाला होता. संध्याकाळी स्पर्धेची अंतिम फेरी होती. पुन्हा बंद पडला तर तुझ्या जागी दुसरा घेऊ, असं संघाने त्याला बजावलं होतं.

“खंडेनवमीला हे उघडायला कोणी सांगितलं होतं?”

“अगं ताई, आई वरवरच पूजा करत होती. खरं हत्यार तर आत आहे ना!”

“आणि बंद पडायला लागल्यावर?”

दारातून आईच म्हणाली, “मग रोज एक फूल वाहत होता. एवढी भक्ती परीक्षेच्या वेळी पुस्तकांवर दिसली नाही कधी.”

केतकीने कॉम्प्युटर बंद केला आणि पंख्याच्या आसाला गुंडाळलेला हाराचा दोरा चिमट्याने हळूहळू सोडवला. “पंखा अडकला, म्हणून कार्ड तापत होतं. जळलंबिळलं काही नाही.”

संध्याकाळी सामना सुरू झाला. शार्दूलचं लक्ष खेळात होतं, केतकीचं पडद्याच्या कोपऱ्यातल्या तापमानावर. काल आकडा शंभरला पोचला तेव्हा कॉम्प्युटर बंद पडला होता. आज शेवटच्या चकमकीत, सगळा पडदा स्फोटांनी भरलेला असताना, तो एकोणसत्तर होता.