नेल्बाची वर्गणी

खिडकीखाली मोंतेविदेओची दुपार पेंगत होती आणि मी फोनवरच्या ॲपांच्या वर्गण्या रद्द करत बसले होते. व्यायामाची, झोपेची, कुंडलीची. कधी घेतल्या, एकही आठवेना.

समोर झुल्माताई माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, ओतत होती. भांडं एक, नळी एक. एक फेरी तिची, एक माझी.

"संपलं का गं तुझं खोदकाम?"

"एकच उरलंय. नाव बघ, ‘नेल्बा’."

"तुझ्याच नावाचं? काढून टाक. कुणाला हवीयेस तू!" ती खिदळली.

मीही हसले आणि ‘रद्द करा’ दाबलं. ‘नक्की?’ फोनने विचारलं. कंटाळून मी ‘हो’ दाबलं.

ताईने भांडं भरलं, स्वतःच प्यायली. पुन्हा भरलं, पुन्हा स्वतःच प्यायली.

"अगं, माझी फेरी?"

"आत्ताच आभार मानलेस ना?"

आमच्याकडे आभार मानले, की माणूस फेरीतून बाहेर. पण मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

"ताई, मी काही बोललेच नाही."

तिने नळी काढून ठेवली. भांडं विसळलं, टेबल पुसलं, आणि माझी खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली.

मी त्या खुर्चीवर बसलेलीच होते.