तीन वाजायच्या आत

यशवंतपूर स्टेशनात जवानांची गाडी उभी, आणि फलाटावर दोन पक्षांची माणसं हमरीतुमरीवर आलेली! भांडण कशाचं, तर कॉफीच्या टेबलाला झेंडा कुणाचा लावायचा. तिकडे चीनशी लढाई, इकडे वॉर्डाची पोटनिवडणूक. गाडी सुटली. निम्मे जवान कॉफीवाचूनच गेले.

दुसऱ्या दिवशी एका पक्षाचे उमेदवार हंबीरराव यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या पक्षाच्या नागोजीकडून दोनदा हरलेला हा माणूस. यंदा वॉर्ड हातात आल्यातच जमा होता. खबरदारी तर केवढी! छाननीत आपला अर्ज उडालाच तर, म्हणून पत्नीच्या नावानंही अपक्ष अर्ज भरून ठेवलेला. पण त्यांचा अर्ज टिकला आणि पत्नीचा ते विसरूनच गेले.

दुपारी त्यांच्या पत्नी सकवारबाई भलंमोठं पातेलं घेऊन घरात शिरल्या.

"हे कुणाचं?"

"नागोजींच्या बायकोचं, रत्नाक्काचं. उद्याच्या गाडीला कॉफी पुरायला नको?"

"काल लाज वाटली गं मला."

"मग अर्ज मागं घ्या. तीनपर्यंत मुदत आहे. तुमच्या जीपा, पोरं, पेट्रोल, सगळं स्टेशनाच्या कामी येईल."

"अन् नागोजी आयता निवडून येईल? पंधरा वर्षं चपला झिजवल्या मी!"

"स्वल्प विचार करा. जवानाला तुमचा पक्ष ठाऊक तरी आहे का?"

हंबीररावांनी घड्याळाकडे पाहिलं. मग टोपी घालून निघाले.

निवडणूक कचेरीत त्यांनी सही करून कागद साहेबांच्या हाती दिला. जीव तुटला. वळून बघतात तो बाकावर नागोजी!

"तुम्ही इथं काय करताय, अण्णा?"

"मघाशीच अर्ज मागं घेतला. म्हटलं, लढाई चालू असताना आपण काय भांडायचं? यंदा तुम्ही व्हा नगरसेवक. रत्नानं सकाळपासून डोकं खाल्लं माझं."

"अहो, मीही आत्ताच मागं घेतला!"

 खो खो हसत दोघांनी एकमेकांना मिठी मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"पण मग वॉर्डाला कोण?" नागोजींनी विचारलं.

घड्याळात तीनचे टोले पडले. साहेबांनी फाईल बंद केली.

"उरला एकच अर्ज. सकवारबाई, अपक्ष, बिनविरोध. बाई सकाळीच येऊन विचारून गेल्या, दोघांनीही माघार घेतली तर शपथ कधी घ्यायची म्हणून."