उघडी मुळं

मास्तरांनी कात्री हातात घेतली तसा "थांबा" हा शब्द तिच्या अगदी ओठांशी आला; पण तोंडातून बाहेर पडलं ते "बरं."

झटका आल्यापासून हे असंच चाललं होतं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं आणि जिभेवर उरला तो एवढा एकच शब्द. पाणी हवं असो की नको, भूक असो की संताप, निघायचं ते "बरं"च. मान हलवून नाही म्हणावं, तर मास्तरांना वाटे उशी टोचतेय. ते येऊन उशी सारखी करत. डोकं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचा अर्थ मास्तरांनी सोयीने लावला होता. उभ्या संसारात जिने त्यांचं एक म्हणणं धड ऐकून घेतलं नाही, ती आता ऊठसूट होकार देत होती. खरं सांगायचं तर त्यांना ते गोड लागत होतं.

"बघ, तुलाही पटतंय," गॅलरीतून मास्तर म्हणाले. "काय ही मुळं! उघडी-वाघडी लोंबतायत नुसती. बघवत नाही मला."

खिडकीबाहेर, पलंगावरून दिसेल अशी, तिची ऑर्किडं टांगलेली होती. कुठलं ओंडक्यावर बांधलेलं, कुठलं सालीच्या तुकड्यावर. मातीचा कण नाही कशाला. झाडावर राहणारी जात ही. सालीला धरून राहायचं आणि पाऊस-वाऱ्यातला ओलावा प्यायचा. मुळांना हवा लागली नाही तर ती गुदमरतात, ओल्या मातीत कुजून जातात. पहिली रोपं तिनेही हौसेने मातीत लावून मारली, तेव्हा तिला हे कळलं होतं. त्या दिवसांत मास्तर शिलाई मशीनवरून मान वर करत नव्हते.

जन्मभर त्यांनी कपडे शिवले होते. लोंबता दोरा दिसला की कापायचा, उघडी कड दिसली की दुमडून आत घ्यायची, हे त्यांच्या बोटांतच मुरलेलं. पांढुरकी, वाळकी दिसणारी मुळं त्यांनी कराकरा कापली, उरलेली दुमडून कुंडीत घातली आणि वर काळी ओली माती अंगठ्याने दाबून बसवली. ती मुळं वाळलेली नव्हतीच. पाणी शिंपडलं असतं तर घटकेत हिरवी दिसली असती. तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"बरं!" ती ओरडली. "बरं! बरं!"

"हो गं, करतोय ना. एवढी काय घाई झालीय?"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मास्तरांचे हात मातीचे, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"बाबा, आई काय म्हणते?"

"बरं म्हणते," मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग त्यांचा आवाज जड झाला. "तिच्या झाडांचं करतोय. तिच्यासाठी मला दुसरं काय जमणार, तूच सांग."

"किती करता हो बाबा तुम्ही तिचं."

यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं मास्तर करायचे आणि कधी कुरकुरायचे नाहीत. अशा माणसावर रागवायचं कोणत्या तोंडाने? तरी ती रागावली होती, आतून नुसती पेटली होती. हा माणूस डोळ्यांदेखत तिचं एकेक झाड मारत होता आणि ती त्याला शाबासकी देत होती.

ऊन उतरलं तेव्हा मास्तर शेवटची कुंडी घेऊन आत आले. नखांत माती, आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू. कुंडी त्यांनी उशाजवळच्या स्टुलावर ठेवली आणि तिचा डावा हात धरून मातीवर टेकवला.

"बघ कशी घट्ट बसलीय. आता जागची हलायची नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मास्तरांनी ते बाहीने टिपलं. "रडतेस काय वेडे," म्हणताना त्यांचेही डोळे भरून आले. "थांब, हात धुऊन येतो."

मोरीत नळ सुरू झाला. तिने बोट मातीत खुपसलं. माती चांगलीच दाबलेली होती. आधी नखच वाकलं. मग एक ढेकूळ निघालं, पाठोपाठ दुसरं. कोपराला कळ लागली तरी ती उकरत राहिली. शेवटी एक मूळ बोटाला लागलं. तिने ते हलकेच बाहेर ओढलं. टोक अजून हिरवं होतं. ती पुढच्या मुळाकडे वळली.

मास्तर हात पुसत आले आणि दारातच थबकले. चादरीवर माती, उशीवर माती.

"अगं, सांडलीस की सगळी!"

ते चिडले नाहीत. त्यांनी माती ओंजळीत गोळा केली, बाहेर आलेलं मूळ दुमडून आत घातलं, वरून अंगठ्याने दाबलं. तिची बोटं ओल्या फडक्याने एकेक करून पुसली. मग कुंडी उचलली आणि तिचा हात पोचणार नाही, पण पडल्या पडल्या तिला सारखी दिसत राहील, अशी खिडकीत ठेवली.