गोठ्याचं कुलूप

करमाडच्या फाट्यावर रिक्षातून उतरली तशी भागूबाई मळ्याच्या वाटेनं पळत सुटली. मुठीत गोठ्याची चावी होती.

काल दुपारी तिच्या नवऱ्याच्या, नानासाहेबांच्या छातीत कळ आली. त्यांना शहरातल्या दवाखान्यात न्यायच्या धांदलीतही गोठ्याला कुलूप लावायला ती विसरली नव्हती. खतासाठी शेतात मेंढ्या बसवलेल्या. धनगरांचं बिऱ्हाड बांधावरच. असल्या फिरत्या लोकांचा काय भरवसा, हे ती सासूकडून शिकली होती. देवाच्या कृपेनं नानासाहेब वाचले. सकाळी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "गाईला पाणी पाजलं का कुणी?" आणि तिच्या काळजात चर्र झालं. गाभण गाय आत कोंडलेली, चावी आपल्या कनवटीला, आणि मळ्यात दुसरं घर नाही!

कुलूप जसंच्या तसं होतं. आतून हूं नाही की चूं नाही. भागूबाईनं घाईनं चावी कुलपात घातली. कुलूप कसंबसं उघडलं.

गाय निवांत रवंथ करत बसली होती. पुढ्यात हिरवा चारा. शेजारी दोर बांधलेली बादली, पाण्यानं अर्धी भरलेली. छपराचा एक पत्रा बाजूला सरकवलेला होता आणि तिथून ऊन आत आलं होतं. भागूबाईनं गाईच्या गळ्यात हात टाकले आणि ढसाढसा रडली.

"लई हंबरत व्हती," मागून आवाज आला. बांधावरची धनगरीण दारात उभी होती. "म्हून वरून सोडलं पाणी. आज निघायचं व्हतं आमाला, पर हिला टाकून कसं जावं?" तिच्या नवऱ्यानं घोड्यावर लादलेलं सामान पुन्हा खाली उतरवलेलं दिसत होतं.

"अगं, मग कुलूप तोडायचं की!"

ती हसली. "पाटलीणबाई, धनगरानं कुलूप तोडलं म्हणल्यावर गाय कुणी बघितली असती?"

भागूबाईला मान वर करवेना. आठ दिवस हे बिऱ्हाड डोळ्यांसमोर होतं, आणि तिनं साधं नावही विचारलं नव्हतं.

"नाव काय गं तुझं?"

"सुगंधा. मालक कसे हायेत?"

"हायेत. तुझ्यासारख्यांच्या पुण्याईनं हायेत," भागूबाई म्हणाली, आणि तिनं चुलीवर दोघींचा चहा ठेवला.

दुपारी ती डबा घेऊन पुन्हा दवाखान्याला निघाली. सुगंधा बांधावरून हात हलवत होती. गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. कुलूप भागूबाईच्या पिशवीत, डब्याच्या बुडाशी खडखडत चाललं होतं.